बाबांची चव

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण साधं: घर दोन खोल्यांचं आणि बाबांचे कान तिखट. मी दाराआड कुजबुजले तरी ते पलीकडून माझं व्याकरण दुरुस्त करतात. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. निवृत्त झाला तरी त्याचं काम चालूच असतं.

बातमी अशी. कॉफी भाजणाऱ्या त्या कंपनीने मला चव-तपासनीस म्हणून घेतलं आहे. तीनशे अर्जांतून दोघींना. वासाच्या छत्तीस बाटल्यांपैकी चौतीस मी बरोबर ओळखल्या. पाण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर क्लोरीन मोजण्यापेक्षा हे काम मला हवं आहे. याहून जास्त उत्साहाची माझ्याकडून अपेक्षा करू नकोस. ते शहर इथून अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. होकार तीस तारखेच्या आत कळवायचा.

अडचण बाबांची. आई गेल्यापासून आमचा नेम ठरलेला आहे. साडेसहाला मी अठरा ग्रॅम बिया दळते, ब्याण्णव अंशांचं पाणी तीन वेळा थोडं थोडं ओतते आणि बाबा पहिला घोट घेऊन निकाल देतात. नोकरीचं कळल्यावर जा म्हणाले. आणि त्याच दमात म्हणाले की तुझ्या हातची घेतल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. शेजारच्या शिंपीणकाकूंनी मागे प्रेमाने दिलेली कॉफी त्यांनी कुंडीत ओतली होती. अशा माणसाला कुणाच्या भरवशावर ठेवू? नकार लिहून झाला आहे, पाठवायचा राहिला आहे.

लोभ आहे तेवढा पुरतो, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
मोजपट्टी


९ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग अशी चिडले की डब्यातली पोळी तव्यावर टाकून मोकळी झाले. अगं, बापाला कॉफी द्यायला इंजिनिअर लागते का? तू लहानपणी साखरेचे दाणे मोजायचीस तेव्हाच आई म्हणाली होती की ही पोरगी एक दिवस स्वतःलाच काट्यावर ठेवून अडकून बसेल.

त्यांना शिकव. हात धडधाकट आहेत, डोळे आपल्यापेक्षा बरे आहेत. माझ्याकडे आणायचं म्हणशील तर गेल्या वर्षीचं आठव. आठ दिवस राहिले आणि नवव्या दिवशी सकाळी बूट घालून दारात बसले. सासूबाई बिचाऱ्या विचारत राहिल्या, आमचं काय चुकलं. तेव्हा घर त्यांना तेच हवं. पण त्यात तू हवीसच असं कुठे लिहिलं आहे?

तो नकार फाडून टाक. धाकट्या बहिणीने एकदा तरी माझं ऐकलं असं म्हणायची सोय कर.

तुझीच,
ताई


१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे शिकवणी सुरू केली. काटा जमला, पाणी ओतणं जमलं. सोमवारी त्यांनी एकट्याने कॉफी करायची आणि मी तेवढ्यात आंघोळ उरकायची असं ठरलं.

चूक माझी होती. रविवारी मी ग्राइंडरची पाती बदलली. नवी पाती सरावावीत म्हणून आधी टाकाऊ बिया दळतात. त्यासाठी मी तीन वर्षांच्या शिळ्या बियांचा डबा ठेवला आहे. त्यांचा वास जुन्या तेलात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा येतो. दळून उरलेल्या बिया मी ग्राइंडरमध्येच विसरले आणि बाबांनी त्याच दळल्या. मला न्हाणीघराच्या दारातच तो वास आला. बाबांचा अर्धा कप संपला होता. मान डोलावून म्हणाले, आज संत्र्याची साल जरा पुढे आली आहे, नाही का.

संत्र्याची साल हे माझे शब्द. नव्या बियांसाठी माझ्या वहीत लिहिलेले.

कडू-आंबट जिभेला कळतं, बाकी सगळं नाकाचं काम. मी सरावाच्या नावाखाली तीन दिवस त्यांची परीक्षा घेतली. दर खेपेला तीन कप, दोन सारखे, एक शिळ्या बियांचा. वेगळा ओळखायचा. नऊ खेपांत तीनदा बरोबर आले. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढेच येतात. ताई, बाबांना वास येत नाही.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. ज्या कॉफीपायी मी अडून बसले होते ती त्यांच्या लेखी गरम कडू पाणी होती. बसमध्ये मी होकाराचा मजकूरसुद्धा मनात जुळवला. मग कामावर क्लोरीनच्या बाटलीचं बूच काढलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्या स्वयंपाकघरातला गॅस आठवला.

मला का फसवलं असेल? तुला ठाऊक असेल तर कळव. लोभ असू दे.

तुझी,
मोजपट्टी


२१ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ठाऊक होतं. रागाव, पण पुढचं वाच.

हिवाळ्यातल्या तापात त्यांचं नाक गेलं. तू कामावर असताना त्यांनी फोन केला आणि माझ्याकडून शपथ घेतली. म्हणाले, हिला कळलं तर ही घर धरून बसेल, आणि तिचं नाक हे घर हुंगत बसण्यासाठी नाही. तेव्हापासून रोज सकाळी तू उठायच्या आत तुझी वही उघडतात आणि दोन शब्द पाठ करतात. एकदा मला हसत सांगत होते की शाळेत कविता पाठ करायला इतका त्रास झाला नव्हता. कौतुक एवढ्याचसाठी की तुला संशय येऊ नये. तेच कौतुक तुझ्या पायात अडकलं, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानीमनी नाही.

आता करायचं ते कर. गॅसचा गजर लाव. काहीतरी बहाणा सांग. शिंपीणकाकू दिवसातून दोनदा डोकावतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आणि तू जा. कळल्याचं त्यांना दाखवू नकोस, एवढं माझ्यासाठी.

तुझीच,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गजर चोवीस तारखेला लावला. प्रयोगशाळेने चाचणीसाठी दिला आहे असं सांगितलं. बाबांनी माहितीपत्रकातल्या दोन चुका लाल पेनाने दाखवल्या.

सव्वीसला दुपारी काकूंचा कामावर फोन आला की तुमच्या खिडकीतून धूर येतो आहे. बाबांनी दूध तापत ठेवलं आणि पलीकडच्या खोलीत दार लावून वाचत बसले. गजर वाजला नाही. तो गॅसचा आहे, धुराचा नाही, आणि गॅस नीट जळत होता. दूध जळलं, भांडं जळलं, शेजारचं फडकं पेटलं आणि आग फळीपर्यंत पोचली. काकूंनी बादली ओतली. मी पोचले तेव्हा बाबा ओल्या फरशीवर उभे राहून घड्याळ मागे पडतं असं सांगत होते. धुराचाही गजर मिळतो, हे तू लिहिण्याआधीच मी लिहिते. मग आणखी कशाकशाचा लावू याची यादी मी केली. ती पानभर झाली.

अठ्ठावीसला नकार पाठवला.

बाबांना खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. कंपनीनेच पुन्हा एक चाचणी घेऊन मला नाकारलं, माझी चव कमी पडली, असं सांगितलं. मला वाटलं विषय संपेल. मी त्यांना नीट ओळखत नाही असं दिसतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं की नाकारणारा गाढव कोण. मग टेबलाशी बसून त्यांनी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात म्हटलं आहे की आपण अर्जदार मुलीचे वडील असलो तरी पक्षपाती नाही. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढण्याचाच पगार घेतला. या मुलीने केलेली कॉफी रोज पितो, तिचा प्रत्येक बारकावा स्वतः चाखून हे लिहीत आहोत, तरी फेरविचार व्हावा.

पाकीट त्यांनी पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलं. उघडंच होतं, मी वाचावं म्हणून. मी वाचलं आणि मजकूर चांगला आहे असं म्हणाले.

ते पाकीट चार दिवस झाले माझ्या पिशवीत आहे. टाकता येत नाही, फाडता येत नाही. मी कामावरून आले की बाबा दारातच विचारतात, उत्तर आलं का. मी अजून नाही म्हणते. ते म्हणतात, मोठ्या लोकांना वेळ लागतो, आपण थांबू.

तुझी शपथ मोडलेली नाही. माया तेवढी राहू दे.

तुझी,
मोजपट्टी