आडनावबंधू आणि धाकटी

३ सप्टेंबर

सभागृहाचे व्यवस्थापक आले होते. चहा घेतला, बिस्किटं संपवली, मग मुद्द्यावर! म्हणे, ‘एकाच आडनावाचे कलावंत, एकाच मंचावर!’ नातं कुणाचं कुणाशी नाही. एक अ‍ॅकॉर्डियनवाले, एक बोलक्या बाहुल्याचे खेळ करणारे आणि नृत्यशाळेत पियानो बडवून निवृत्त झालेली मी. दुकानात चपला नंबराप्रमाणे लावतात, तशी माणसं लावायची!

तरी मी हो म्हणाले. धाकटीसाठी. कॉन्व्हेंट शाळेत मदरनी शेजारी बसवलं तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी एकाच पियानोवर चार हातांनी वाजवतो. मी डावीकडे — खालचे सूर आणि पेडल. ती उजवीकडे — वरचे सूर. गृहस्थ खोकले. ‘पण त्यांचं आडनाव लग्नानंतर बदललं ना?’

चहा दिल्याचा पश्चात्ताप झाला.

४ सप्टेंबर

जाहिरातीचा नमुना पाहिला. त्यात बाहुल्याचंही नाव — आडनावासकट!! तडक व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेले.

‘लाकडाच्या ठोकळ्याला आमचं आडनाव चालतं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला नाही?’

‘बाई, बाहुला त्यांच्या घरचाच...’

‘मग ती काय शेजारच्यांची?’

घाम फुटला त्यांना. रुमाल काढला आणि कपाळाऐवजी जाहिरातच पुसली.

५ सप्टेंबर

धाकटी पोट धरून हसली. ‘ताई, त्या लाकडाशी कसली भांडतेस! तू एकटी वाजव की.’ एकटी! माझ्याकडे अर्धंच संगीत आहे, एवढंही हिला कळू नये?

खरं कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. तिच्या बोटांतलं बळ चाललंय. गुरुवारी सरावाला बसतो, तेव्हा तिचे वरचे सूर येतात कुठे? पट्ट्या खाली जाताना दिसतात, आवाज आपला नावाला. विचारलं तर म्हणते, हात ठणठणीत आहेत. लपवते, वेडी. आता लोकांसमोर वाजवलं नाही, तर पुन्हा कधीच नाही.

९ सप्टेंबर

बाहुलेवाले दारात उभे. काखेत तो लाकडी आडनावबंधू. मी आठ्या घालून उभी. बाहुला टकामका बघत म्हणाला, ‘आत्या, आडनाव परत करायला आलोय. व्यवस्थापकांना सांगून टाकलं — माझ्या जागी धाकट्या आत्याला घ्या, नाहीतर आम्ही दोघंही येत नाही. मला काय, पेटीत झोप छान लागते!’

‘मग काय म्हणाले?’

‘घेतलं की!’

मी लाकडाशी बोलत नाही. आज बोलले. ‘बस हो बाळा,’ म्हटलं. मालक बिचारे उभेच राहिले.

११ सप्टेंबर

नवी जाहिरात लागली. धाकटीचं नाव माझ्या शेजारी. दोन आडनावं, एक बाक. रस्त्यात उभं राहून दोनदा वाचलं.

१४ सप्टेंबर

सराव. वाईट! मी ओरडले, ‘जोर लाव ना! पट्ट्यांवरची धूळ पुसतेस का?’ एरवी एकाला दोन ऐकवते ही. आज मान खाली घालून पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

१७ सप्टेंबर

सभागृहात रंगीत तालीम. बाहुलेवाले शेवटच्या रांगेत बसले होते. संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं. ‘खरं सांगा, हिचे सूर तिथवर पोचतात का?’

‘म्हणजे काय! काचेसारखे स्वच्छ.’

भीड पडली असेल. मग अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना विचारलं. ते फटकळ, आमच्या आडनावाला शोभतील असे. म्हणाले, ‘बहिणीचे सूर खणखणीत आहेत, बाई. तुम्हाला नाही ऐकू आले?’

धाकटीकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बराच वेळ.

१८ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तिची बोटं ठणठणीत आहेत. वरचे सूर माझ्याच कानांतून गेलेत.

तडक धाकटीकडे गेले. ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘झालं असेल वर्ष.’

‘आणि माझी बोलणी खात राहिलीस?’

‘सांगितलं असतं, तर पियानोला झाकण लावून मोकळी झाली असतीस तू.’

उद्या कार्यक्रम. धाकटी म्हणते, ‘ताई, ऐकू नकोस. माझ्या हातांकडे बघ.’

बघेन.