चार बदाम

दादा,

परवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पत्त्यांचा पोकर खेळताना ‘गवंडी’ नावाचा एकजण समोर आला. त्याच्याकडे डावावर लावायच्या थोड्याच चिप उरल्या होत्या. हरला की लिहायचा, "चला, पाटी कोरी!" हे तुझं वाक्य. वहिनीसमोर शपथ घेऊन तू खेळ सोडलास त्याला वर्ष झालं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी तुला फोन लावला. रिंग वाजू लागली तशी गवंडीची चाल अडली. तू फोन कापलास आणि लगेच त्याने चाल केली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मग माझ्याकडे चार बदाम जमले. पाचवा आला तर डाव माझा. गवंडीने उरलेलं सगळं लावलं. तूच शिकवलं होतंस, "ज्याच्याकडे थोडंच उरलंय त्याच्यासमोर अर्धवट पानांमागे धावू नकोस. तो भिऊन पळत नाही आणि जिंकलीस तरी हाती फारसं लागत नाही." तरी मी धावले. तूच असशील तर एकदाचा उठावास म्हणून.

पाचवा बदाम आला. गवंडी खेळातून गेला.

मिनिटभरात तुझा फोन. "काय गं? अंघोळीला गेलो होतो."

"भरदुपारी?"

"उकडत होतं. तू खेळत नाहीस ना हल्ली?"

"छे! फायली लावतेय."

शपथ वहिनीने माझ्याकडूनही घेतली होती. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तू कुठे होतास हे विचारायचं, तर आधी मी कुठे होते ते सांगावं लागेल.

तुझी,
धाकटी