लाइट गेल्यावर उचललेलं ध्रुपद

प्रिय संघपालचे आजोबा,

हे 'प्रिय' सुजाताच्या हातचं. मी म्हणले, "नुसतं 'आवो' लिही," तर नात म्हणते, "आजी, पत्रात तसं चालत न्हाई." जित्तेपणी तुमाला कदी प्रिय म्हणले न्हाई, आता म्हणून राहिले. घ्या!

पर हे पत्र जाणार कुठं? तुमीच विहारात सांगायचे, माणूस गेला की गेला, आत्माबित्मा काही न्हाई. मंग मी कुणाशी बोलून राहिले? काय करू, उद्या तुमच्या नातवाची कॅसेट नांदेडला जाणार, तिच्या कॉप्या निघणार. त्याच्याआधी मला एका गोष्टीचं व्हय का न्हाई सांगायचं हाय, आन् मला काही सुधरंना.

संघपालनं गाण्याची पार्टी काढली. तुमच्यासारखी न्हाई. पेटी न्हाई, ढोलकी न्हाई. करंटवर चालणाऱ्या दोन गिटारी, आन् ड्रम वाजवायला कनेरगाव नाक्याचा पोरगा, लग्नाच्या बँडमधला. ह्याला हार्ड रॉक म्हणत्यात म्हणे.

रेकॉर्डिंग कुठं केलं? शिरड शहापूरच्या वाटेवर, मी हळद निवडायला जाते त्याच गोदामात! आवाज घुमू नये म्हणून हळदीची पोती भिंतीला रचली. पहिल्याच गाण्याला पोत्यांतून असा भुगा उडाला, की सारे नवरदेवावाणी पिवळे होऊन बाहेर आले.

एक गिटार एकच ओळ धरून बसते, विहिरीवरच्या डिझेल इंजिनावाणी. मी इचारलं, "अडकली का रे?"

"आजी, ही रिफ हाय. सारं गाणं हिच्यावर उभं राह्यतं."

"मंग ध्रुपद म्हण की, मेल्या!"

मधीच सारं हळू होतं. मला वाटलं संपलं, म्हणून चहा ठेवाया उठले, तर असं काही आदळलं की पातेलंच सुटलं हातातून. आन् संघा घसा इतका फाडतो, की मी सुंठ-गूळ घेऊन धावले. तर म्हणतो, "तकलीफ न्हाई आजी, स्टाईल हाय!" आता बोला.

त्यातलं एक गाणं तुमचं हाय. विहिरीचं. 'पाणी आमचंबी हाय' म्हणायचे ते. तुमी गोडीनं म्हणायचे, लोक माना डोलवायचे. ह्यानं ते दात-ओठ खाऊन म्हणलं. मला आधी वळखूच आलं न्हाई, मंग राग आला, मंग रडू आलं. खरं कोणतं हो? त्या पाण्यापायी राग तर तुमच्याबी पोटात होता. मंग गोडी काहून लावली?

आन् त्याच गाण्यात लाइट गेली! गिटारी जागच्या जागी मेल्या. रेकॉर्डिंगचं मशीन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, ते चालूच. ड्रमवाला थांबंना, आन् संघा एकटाच वरडून राहिला. त्याचा आवाज फाटला. मी बाहेर सूप घेऊन बसलेली.

आपली रीत तुमाला ठावं हाय. म्होरच्याचा आवाज बसला, गॅसबत्ती विझली, काहीबी होवो, कोरसनं ध्रुपद उचलायचं. गाणं खाली पडू द्यायचं न्हाई. माझ्या तोंडातून कवा निघालं मलाच कळलं न्हाई. दारात उभी, हातात सूप, आन् पुरं ध्रुपद म्हणले. संघानं वळून नुसता हात वर केला, "चालू ठेव." मंग लाइट आली आन् गिटारी माझ्या अंगावर कोसळल्या!

नांदेडचा मशीनवाला म्हणतो, "म्हातारीचा तुकडा कापा, चूक झाली." संघा म्हणतो, "हाच तर कॅसेटचा जीव हाय. पर आजी, तू न्हाई म्हणलीस तर काढतो. आवाज तुझा हाय."

आवाज माझा! असं कुणी म्हणलं होतं का हो कदी? तुमी म्हणायचे, "बायांचा कोरस मागंच शोभतो." माईक तुमच्याम्होरं, आमी तुमच्या पाठीमागं. तुमची ती टेप अजून वाजवते मी. कान लावून ऐकते, त्यात मी हाय का न्हाई, मलाच उमगत न्हाई. म्हशीच्या दुधावर पोसलेला माझा गळा तुमाला एवढा नकोसा होता का?

दिवसभर डोकं फिरलंय. ठेवावं तर गाव हसंल, म्हातारीला म्हातारपणी काय सुचलं म्हणून. काढावं, तर लाइट गेली तिथंच तुमचं गाणं पडतं. आन् तुमी काय म्हणले असते? रागावले असते, का गालात हसले असते? एवढा संसार केला, पर हे सांगता येईना मला.

तर ऐका. मी संघाला 'राहू दे' सांगून राहिले. सारं उमगलं म्हणून सांगते असं न्हाई, निस्तं सांगते. आन् वचन देते, चौकात कॅसेट वाजली की पदरानं तोंड झाकणार न्हाई. कुणी इचारलं, "ही कोण वरडून राहिली?" तर संघाची आजी म्हणणार न्हाई, तुमची बायको म्हणणार न्हाई. नाव सांगीन.

सुजाता, लिही.

तुमचीच,
कौसाबाई