घरात बूट

सावोनलिन्ना, १२ मार्च

प्रिय तौनो यास,

लेम्पीताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझी होडी आणि तुझा स्वभाव, यांपैकी काय काय दुरुस्त झालं ते कळव. मी ठीक आहे. जेवते, झोपते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या चुका काढते.

आमच्या वृद्धाश्रमात हेन्रिका नावाची नवी फिजिओथेरपिस्ट आली आहे. वय सव्वीस, आवाज शाळेच्या घंटेसारखा. आम्ही म्हातारे पडू नये, हे तिचं काम. आल्या आल्या तिने गालिचे गुंडाळले, सॉनाच्या वाफेच्या खोलीत धरायला दांडे ठोकले, आमच्या गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घेतल्या (माझी झोपेची गोळी तेव्हाच गेली, आता मी पाचलाच जागी होते आणि त्याचा त्रास इतरांना होतो). इथवर मी गप्प होते. पण मग ती म्हणाली, "आजी, उद्यापासून सगळ्यांनी आत बूट घालायचे. रबरी तळाचे, पट्ट्याचे." घरात बूट! अरे, आपल्या आईने पाद्रीबुवांनासुद्धा दारात बूट काढायला लावले होते. मी म्हटलं, "पोरी, हे घर आहे की बसस्टँड?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला चेव चढला. पाच आठवड्यांत मी एकवीस जोड लोकरी मोजे विणले आणि वाटले. हेन्रिकाने आमच्यासाठी आणलेले बूट दाराशी ओळीने पडून राहिले.

सायमीला लाल जोड दिला होता. (सायमी म्हणजे शेजारच्या खोलीतली, पत्त्यांत लबाडी करणारी, इथली माझी एकुलती एक मैत्रीण.) गेल्या मंगळवारी कॉफीची हाक आली आणि ती लगबगीने उठली. नुकतीच पुसलेली फरशी, त्यावर गुळगुळीत लोकर. माझ्या डोळ्यांदेखत ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हेन्रिकाने तिच्या पायातला मोजा काढला, तळ उलटून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ परत केल्या असत्या. तेवढंही सुख तिने मला दिलं नाही. मला फार वाईट वाटलं, तौनो. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून नाश्त्याला गेले. कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पायांत बूट होते. सायमी इस्पितळात आहे. भेटायला गेले तर म्हणते, "मोजे झकास होते गं. पायच जुने निघाले." ती पुन्हा चालेल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत.

तुझी,
लेम्पीताई

ता. क. हेन्रिकाने उरलेल्या मोज्यांच्या तळांना रबराचे ठिपके लावून आणलेत. गोवर आल्यासारखे दिसतात. मी तिला सांगितलं, छान दिसतात.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. नाताळात तुला पाठवलेला राखाडी जोड पायातून काढ. आत्ता काढ, आणि खुर्चीत बसून काढ. तुझ्या माळ्याच्या जिन्याला कठडा नाही आणि हाकेच्या अंतरावर माणूस नाही. "मी कधी पडत नाही" असं उलटटपाली लिहू नकोस. सायमीही हेच म्हणायची. मोजे पाठव, मी ठिपके लावून परत करते. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. आधी जायचा नंबर माझा. रांग मोडलीस तर याद राख.