मेणाचा पाळणा

राजाजीनगर, बेंगळुरू
३१ ऑगस्ट

सौ. भव्याक्का हिस रणजीतचा शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी पावणेआठला वसंतनगरच्या सिग्नलवर मला सौम्याचे पाय दिसले आणि तिथून माझं सगळंच फिरलं. अनवाणी पाय, वर भगवी साडी. मी कामाला प्राणेशच्या दुकानावर निघालो होतो. बाइक बाजूला लावली आणि तिच्या मागे मागे शिवाजीनगरच्या चर्चपर्यंत गेलो.

मेरीमातेच्या जत्रेला लोक नऊ दिवस भगवे कपडे घालून चालत जातात, हे आपण लहानपणापासून बघतोय. पण आपल्या समोरच्या घरातली सौम्या कधीपासून जायला लागली? घरी तिने जयनगरला शिवणाचा क्लास लावल्याचं सांगितलंय. जयनगर एकीकडे, शिवाजीनगर दुसरीकडे. शिवाय सगळी वाट एक दाढीवाला तिच्याबरोबर चालत होता, पाण्याची बाटली पुढे करत होता. आज पुन्हा गेलो. आजही तोच.

तू तिची मैत्रीण. तुला ती काही बोलली असेल तर सरळ सांग. फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावून बसतात, म्हणून हे कुरिअर. मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं असं आई सगळ्यांना सांगते. खरं कारण गणित होतं, पण निम्मं आईचंही बरोबर आहे.

आई-अप्पा बरे आहेत. तू गणपतीला का येत नाहीस, असं आई रोज विचारते. मोठ्यांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
रणजीत

बेळगाव
२ सप्टेंबर

चि. रणजीत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग काळजी वाटली. मुलीच्या मागे बाइक सोडून फिरणारा माझा भाऊ शिवाजीनगरात कुणी ओळखला तर? स्वल्प थांब रे. मनात आलं की लगेच पेटायचं, ही तुझी जुनी खोड आहे. पाण्याची बाटली पुढे केली म्हणून कुणी कुणाचा होत नाही.

तिला काही विचारू नकोस. घरी तर अजिबात बोलू नकोस. आणि मागे मागे फिरायचंच असेल तर निदान तिला डाव्या पायाला हळद-तेल लाव म्हणावं, रस्ता खडीचा आहे.

मी गणपतीला येत नाही, कारण इथे कामं आहेत. आईला तेवढंच सांग. हे पत्र आमच्या कामवाल्या गंगव्वाबरोबर कुरिअरला पाठवतेय, अक्षर वाकडं आलंय, निजून लिहिलंय. रागावलास तरी अक्काला विसरू नकोस.

तुझी,
भव्याक्का

राजाजीनगर
४ सप्टेंबर

सौ. भव्याक्कास शि. सा. न. वि. वि.

मी तुला पाय अनवाणी असल्याचं लिहिलं होतं. डावा दुखतो हे लिहिलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. तुला कसं कळलं? तू निजून पत्र का लिहितेस? तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय.

काल मी तिला चर्चबाहेरच्या मेणबत्तीवाल्यांपाशी गाठलं. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, घरं मिळतात. ज्याचं जे मागणं, ते मातेपुढे ठेवायचं. तिच्या हातात काय होतं माहीत आहे? पाळणा. लग्न न झालेल्या मुलीच्या हातात पाळणा, अक्का. मी विचारलं, हा कुणाचा, त्या दाढीवाल्याचा का, धर्म बदलणार का त्याच्यासाठी. ती म्हणाली, माझा नाही, याहून जास्त सांगणार नाही. दाढीवाला मध्ये पडला. मी हात झटकला आणि पाळणा खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

तिने ते पदरात गोळा केले. जाताना एवढंच म्हणाली, की कॉलेजही तू असंच सोडलंस, तास संपायच्या आत.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सात तारखेपर्यंत तुझं खरं उत्तर आलं नाही तर तिच्या वडिलांना, विश्वासरावांना, सगळं सांगणार आहे. मग काय व्हायचं ते होवो. माया ठेवायची की नाही ते तूच ठरव.

रणजीत

बेळगाव
५ सप्टेंबर

चि. रणजीत यास आशीर्वाद.

पाळणा माझा होता.

मला पाचवा महिना आहे. आधीची दोन गेली, ते तुला माहीत आहे. या वेळी डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला मनाई केली आहे. गेल्या खेपेला आईने तिसऱ्याच महिन्यात माळ्यावरचा पाळणा काढून धुतला होता आणि मग तो पुन्हा वर ठेवला. म्हणून आता माहेरी सांगितलेलं नाही. पाचवा महिना लागला तर मेरीमातेला नऊ दिवस अनवाणी चालत येईन आणि सणाच्या दिवशी पाळणा वाहीन, असा मी नवस केला होता. सासूबाईंना हे कळलं तर त्या घर डोक्यावर घेतील, अप्पा तर विचारूच नको. माझ्याऐवजी मी चालते, असं सौम्या आपणहून म्हणाली. ज्याचा नवस त्याचं नाव वाटेत घ्यायचं नाही, असं तिला मेणबत्तीवालीने सांगितलंय; ते ती पाळते. गंगव्वाच्या फोनवर ती रोज मला पायाची हकिकत सांगते. आणि तो दाढीवाला बायकोच्या डोळ्यांसाठी चालतो, त्याच्या पिशवीत मेणाचे डोळे असतात. विचारलं असतंस तर त्याने दाखवले असते.

विश्वासरावांकडे गेलास तर ते तिला कोंडतील, माझा नवस अर्धा राहील आणि दोन्ही घरांत बोभाटा होईल. तिची टाच आता सुजली आहे. आठला सण. तेवढा शेवटचा दिवस कोण चालणार, ते मी लिहीत नाही.

तुझी,
अक्का

राजाजीनगर
८ सप्टेंबर, सकाळ

सौ. भव्याक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. विश्वासरावांकडे गेलो, पण सौम्याला भेटायला. ती दारातच उभी राहिली, टाचेला फडकं बांधलेलं. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. आत जाऊन भगवं उपरणं आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाटेत कुणी काही विचारलं तरी सांगायचं नाही. जमेल का तुला?

सकाळी अंघोळ करून उपरणं घेतलं तर अप्पा समोर. त्यांनी विचारलं, मुलगी कोण, तिच्यासाठी धर्म बदलणार का, कॉलेज सोडलंस आता देवही सोडतोस का. अक्का, मी सौम्याला याच सुरात विचारलं होतं. शब्दही जवळपास हेच होते. घशापर्यंत आलं होतं, की अप्पा, हे तुमच्या नातवासाठी आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी गप्प राहिलो. अप्पा म्हणाले, गेलास तर आज परत येऊ नकोस. मी आतल्या खोलीत आलो.

तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलेत. पान उलटलेलं नाही. मी आतून हे लिहितोय. जाताना कुरिअरवर टाकीन. नवा पाळणा तिथेच घेईन, दोन्ही हातांत धरून नेईन. खिडकीतून सौम्याचं दार दिसतंय, अर्धं उघडं आहे.

तू उठू नकोस. आईची काळजी करू नकोस. माझ्यावर लोभ होता तेवढाच राहू दे, जास्त मागायचं तोंड नाही.

चपला कोपऱ्यात काढून ठेवल्या आहेत. अप्पांच्या समोरून जातो आणि दार ओढून घेतो.

तुझा,
रणजीत