सरोजिनीबाईंच्या गालावरची सावली

१२ नोव्हेंबर

अंथुर्ण्याहून सरोजिनीबाईंचे यजमान केशवराव आले. बाईंचं पहिलं पुण्यस्मरण एकवीसला. दोनशे कापडी पिशव्या, प्रत्येकीवर बाईंचा फोटो छापायचा. म्हणाले, "तिच्याच विद्यार्थ्याच्या हातनं व्हावं." चौथीत बाईंनीच मला पेन्सिल आडवी धरून सावली काढायला शिकवलं. नाही कसं म्हणणार!

१३ नोव्हेंबर

कागदावर पहिला नमुना काढला. केस आले, चष्मा आला, गाल कोरे. फोटोतली फिकी सावली छापायची तर बारीक ठिपके उतरायला हवेत — तेच गायब. मेहजबीन म्हणाली, "मला तर बाई झाक दिसत्यात." नवऱ्याचं मन राखते बिचारी. छपाईच्या जाळीची स्क्रीन धुऊन टाकली.

१५ नोव्हेंबर

उजेड जास्त लागला की बारीक ठिपके बुजतात. म्हणून आज स्क्रीन उजेडाच्या पेटीत पाचऐवजी साडेतीनच मिनिटं ठेवली. पाणी मारलं तर जाळीवरचा लेपच सुटला. छापलं — शाई सगळीकडून उतरली, बाईंचं तोंड काळंठिक्कर. ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांचे हे हाल केले मी.

१६ नोव्हेंबर

आणखी बारीक जाळी आणली. गाल कोरेच.

१८ नोव्हेंबर

ठिपके मोठे करून फोटोची नवी फिल्म काढली. आता दिसतात, पण बाईंच्या तोंडावर देवीचे वण उठल्यासारखं वाटतं. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. हात गेला माझा, दुसरं काय.

केशवरावांना फोन केला. चेहरा जमत नाही, नुसतं नाव छापतो म्हटलं. ते म्हणाले, "बरं. तुला जमंना म्हंजी कुनालाच जमायचं न्हाय." ते ऐकून जास्तच लाज वाटली.

२१ नोव्हेंबर

अंथुर्ण्याला गेलो. लोक जेवून पिशव्या घेऊन निघाले. पिशवीवर नुसतं नाव. केशवरावांनी पाठीवरून हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर

लग्नपत्रिकांचं काम घेतलं, फक्त अक्षरांचं. फोटोची कामं परत पाठवतो आता.

९ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काल सुटली. आज रद्दी आवरताना बाईंचा तो पहिला नमुना हाती लागला. गालावर बारीक ठिपके आहेत, सगळेच्या सगळे. चेहरा पहिल्याच दिवशी आला होता. मीच धुऊन टाकला.