फटफटीची गळती सापडली

अहो,

शी! तिसऱ्यांदा हात धुऊन बसले आहे. आधी शिकेकाई, मग राख, मग लिंबाची साल, तरी बोटांचा पेट्रोलचा वास काही जात नाही. या वासानं मला जितकं मळमळलं तितकं डोहाळ्यांतसुद्धा मळमळलं नव्हतं. तुम्ही गेलात, परवा वर्षश्राद्ध झालं. म्हटलं, निदान हा वास तरी सुटला. कसला सुटतोय!

लिहायला बसले त्याला कारण तुमची ती लाडकी फटफटी. भाऊजींनी ती अक्कलकोटच्या एका कंत्राटदाराला द्यायचं ठरवलंय. उद्या तो न्यायला येणार. सुरू होते का बघू, म्हणून आज सकाळी भाऊजींनी टाकीत पेट्रोल ओतलं आणि कचेरीला निघून गेले. तासाभरात माजघरापर्यंत वास. सासूबाई पुराणाला गेलेल्या, घरात मी एकटी. नाकाला पदर लावून अंगणात गेले, तर फरशीवर थेंब. टप, टप, टप.

थेंब कुठून पडत होता सांगू? टाकीखालच्या नळीच्या जोडावरून. इमाम मिस्त्रीनं दुरुस्तीत जिथं कथलाचा डाख लावला होता, बरोब्बर तिथून.

तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या मागं त्या मिस्त्रीचं काय झालं. तुम्ही गेल्यावर भाऊजी मैंदर्गीला जाऊन बैलगाडीतून फटफटी घेऊन आले. टाकी कोरडी ठणठणीत, आणि त्या जोडावर धूळ चिकटून काळा डाग पडलेला. भाऊजींनी डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याच्या कच्च्या डाखानं माझा भाऊ मारला." मग काय, कचेरीत तेच, बाजारात तेच. गिरणीच्या साहेबांच्या गाड्या मिस्त्रीकडे जायच्या, त्या बंद झाल्या. आता म्हणे टांग्याच्या चाकांना वंगण घालतो.

आणि मी? दहाव्या दिवशी तो दारात उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन. "बाई, मेरा जोड पक्का है. एक बार गाडी देखने देव." मी त्याच्या पायाशी थुंकले. होय, मी! भांड्याला खरकटं राहिलं तर ज्या बाईला जेवण जात नाही, ती मी भर दारात थुंकले आणि कडी लावून घेतली.

आज तो थेंब बघितला आणि आधी वाटलं, बरोबरच होतं आपलं. मग आठवलं, हा मनुष्य एकदा आपल्या अंगणात उकिडवा बसून तुम्हाला काय सांगत होता ते. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही तपकीर ओढत होतात. मी मात्र दाराआडून ऐकत होते. "डाक्टरसाब, टपकता वहाँ मत देखो. ऊपर देखो. पेट्रोल चलके आता." सगळं कोरडं पुसायचं, वर पांढरी भुकटी भुरभुरायची आणि गप्प बसून राहायचं. जिथं पहिल्यांदा ओलं दिसेल तिथं गळती. पुढं म्हणाला, "नली का मैं कर दिया, लेकिन टाकी की शिवन भी कच्ची है. खाली करके झालना पडता. दो रोज छोडो मेरे पास."

दोन दिवस! तुम्ही कसले सोडताय! "माझी मेंढरं मरतील तोवर," म्हणालात. गुरांचे डॉक्टर झालात म्हणून काय साऱ्या तालुक्याची मेंढरं तुमच्या पोटची!

आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणालात, "बघ, थांबली गळती आपोआप. मिस्त्री लोक उगाच काम वाढवतात." मी वास घेऊन बघितला, खरंच वास नव्हता. तपकिरीनं तुमचं नाक कधीच मेलं होतं, म्हणून प्रत्येक वेळी वास घ्यायला मी! "हिचं नाक म्हणजे सरकारी तपासनीस," असं चारचौघांत सांगून हसायचात. मला काय मेलीला हसू यायचं?

तर आज मी फडक्यानं टाकी पुसली, नळी पुसली, जोड पुसला. भुकटी कसली घ्यायची? कोनाड्यात रांगोळीचा डबा होता. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. आता मला कोण रांगोळी घालू देणार! म्हटलं, या कामाला तरी चालेल. चिमटीचिमटीनं सगळीकडे भुरभुरली आणि पायरीवर बसले.

मिस्त्रीचा जोड पांढराच्या पांढरा राहिला. टाकीच्या पोटाशी, पत्र्याच्या शिवणीत, आधी एक करडा ठिपका उठला. ठिपक्याची रेघ झाली, रेघ नळीवर उतरली आणि नळीच्या अंगानं घसरत घसरत जोडाशी येऊन थांबली. तिथं थेंब धरला आणि पडला. मी आपली बघत राहिले. दोनदा पुसून दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच.

म्हणजे वर्षभर एक निर्दोष माणूस शिव्या खातोय. आमच्या घरामुळं!

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मग तेव्हा गळती थांबली होती ती कशी? दाभण घेतला आणि शिवण कोरली. आतून पिवळट, चिकट काहीतरी निघालं. नाकाशी नेलं. पेट्रोलच्या त्या घाणीतून चंदनाचा वास आला. अहो, माझा साबण! माहेराहून आलेला, सणासुदीला पुरवून पुरवून वापरायची तो. कोपरा तुटलेला बघून मी उंदरांवर आळ घेतला होता. तुम्ही तो दाबून शिवणीत भरलात आणि वर मला तोंड करून सांगितलंत, आपोआप थांबली! लाज नाही वाटली? टाकी चुलीत घाला, पण माझ्याशी खोटं बोलायचं काय अडलं होतं? मी ओरडले असते, एवढंच ना!

पण निघाला तो जेमतेम चिमूटभर. साबण भरला होता, तर बाकीचा गेला कुठं?

आता माझं ऐका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालासुद्धा नाही.

तुम्ही मैंदर्गीला निघायच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याशा वाडीवरून आलात. मेलेली मेंढी फाडून तिची प्लीहा डब्यात घालून आणली होतीत तपासायला, आणि डबा टांगला होतात टाकीवर. डबा गळका. रक्त टाकीवरून ओघळून खाली सुकलेलं, वर माश्या घोंघावताहेत. मला अंगणातच ओकारी आली. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी बंबातलं कढत पाणी बादलीभर काढलं आणि फटफटीवर ओतलं. एक नाही, तीन बादल्या. टाकीच्या खालनं काथ्यानं घासघास घासलं. तुम्ही बाहेर यायच्या आत अंगणसुद्धा सारवून टाकलं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीत गोष्ट झाली असती, की आमच्या घरी फटफटीलाही सोवळं!

पेट्रोलात न विरघळणारा साबण कढत पाण्याला कसा टिकेल? कुठल्याही बाईला कळेल हे. पण साबण आहे हेच कुठं ठाऊक होतं मला!

सकाळी तुम्ही निघालात तेव्हा मला वास आला होता. आला होता, अगदी स्पष्ट. तोंड उघडलं होतं मी. पण मग वाटलं, वास आला म्हणावं तर पाणी ओतल्याचंही सांगावं लागेल. मनाची समजूत घातली, की धुतल्यामुळं वास उठलाय, वारा लागला की जाईल. तुम्ही किक मारलीत, हात केलात, गेलात.

मैंदर्गीच्या मेंढ्यांचा मालक आला होता नंतर, सिद्राम धनगर. ओसरीच्या खाली बसून रडला. "डाक्टरसाब गाडी ढकलत आलं की वो. दोन कोस. लई ऊन व्हतं. मी म्हनलं, सायब, गाडी ऱ्हाऊ द्या तितंच, तर न्हाय म्हनले. पानीबी न्हाय घेतलं, आदी मेंढरं बगतो म्हनले. बगता बगताच खाली बसले." पेट्रोल सगळं वाटेत गळून गेलं, आणि वैशाखातल्या उन्हात दोन कोस ते धूड ढकललंत! सोडून का नाही दिलंत हो रस्त्यावर? तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, तोवर तापात बडबडत होतात, तेही त्या मेंढ्यांचंच. माझं नाव एकदाही नाही.

मला तुमची किळस येते, असं आज लिहायला हात कचरत नाही. त्या चोरट्या साबणाची येते, त्या खोट्या बढाईची येते. आणि माझी स्वतःची तर इतकी येते की हे हात कुठं ठेवावेत कळत नाही. ज्या स्वच्छतेचा मी जन्मभर तोरा मिरवला, तिनंच घात केला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि एकमेकांना एक साधी गोष्ट सांगता आली नाही!

थोड्या वेळानं भाऊजी येतील, सासूबाई येतील. दोघांना समोर बसवून सांगणार आहे. सासूबाई यापुढं माझ्या हातचं पाणी पितील की नाही, कोण जाणे. उद्या कंत्राटदाराला परत पाठवणार. फटफटी भर दिवसा, भर पेठेतून ढकलत इमाम मिस्त्रीच्या दुकानासमोर न्यायला लावणार, आणि मी मागून चालत जाणार. त्याला म्हणेन, टाकी रिकामी कर, शिवण तू म्हणाला होतास तशी नीट झाळ, लागू देत दोन दिवस. आणि चार माणसं जमली की त्यांच्या देखत सांगेन, तुझा जोड पक्का होता, साबण डॉक्टरांनी भरला आणि पाणी मी ओतलं.

तुमचं हसं होईल. होऊ दे, मी झाकणार नाही. माझं काय होईल तेही ठाऊक आहे. बायकोनंच नवऱ्याला मारलं, असं सोलापूरभर म्हणतील. म्हणू देत. वर्षभर इमाम मिस्त्रीनं ऐकून घेतलं, आता मी ऐकून घेईन. हे वचन तुम्हाला.

तुमची,
वत्सला